नपुंसकत्व : शरीराचे की मनाचे?

एस.टी. स्थानकाजवळच्या भिंती, रेल्वेमार्गाच्या कडेची कुंपणे, वर्तमानपत्रांचे कोपरे. 'गुप्तरोग', 'मर्दानी ताकद', 'लग्नापूर्वी व लग्नानंतर' हे शब्द कुठेच वाचले नाहीत असा माणूस खानदेशातच काय, साऱ्या महाराष्ट्रात विरळा. चाळीसगावसारख्या तालुक्याच्या गावी नुकत्याच लग्न झालेल्या तरुणाला पहिल्या काही रात्रींत अपयश आले, तर तो कोणाकडे जाईल? घरी बोलायची सोय नाही. ओळखीच्या डॉक्टरांकडे जावे तर गावभर होईल ही भीती. उरतो तो भिंतीवरचा पत्ता. तेथे त्याला सांगितले जाते, की लहानपणच्या 'वाईट सवयीं'मुळे धातू गेला, आता महागडा कोर्स घ्यावा लागेल. पैसे जातात, भीती मात्र दुप्पट होते. हा तरुण चारपाच वर्षांपूर्वी आपल्याच वर्गात बसलेला असतो, म्हणून हा विषय शिक्षकांनाही परका नाही.

संभोगासाठी पुरेशी ताठरता न येणे किंवा आलेली न टिकणे ही तक्रार बोलून, समजावून, म्हणजे मानसोपचाराने दूर होऊ शकते का? या प्रश्नाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

सुश्रुत आणि हंटर

ही तक्रार मनातून उद्भवू शकते हे आपल्याकडे फार पूर्वीच ओळखले गेले होते. सुश्रुतसंहितेत क्लैब्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. त्यांत पहिलाच प्रकार 'मानस' आहे. मनाला न रुचणारे भाव किंवा नावडत्या व्यक्तीचा सहवास हे त्याचे कारण दिले आहे. इंद्रियाचे रोग, मर्माला झालेली इजा आणि जन्मजात दोष यांची गणना वेगळी केली आहे. मन आणि शरीर दोन्ही कारणे असू शकतात, हे त्या काळच्या वैद्यांना ठाऊक होते.

उपचाराचा एक नमुना मात्र अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये सापडतो. जॉन हंटर हा त्या काळचा नामांकित शल्यवैद्य. १७८६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात मनावर अवलंबून असलेल्या नपुंसकत्वाविषयी स्वतंत्र विवेचन आहे. एका गृहस्थाला एका विशिष्ट स्त्रीच्या सहवासातच अपयश येत असे. हंटरने औषध दिले नाही. सहा रात्री तिच्याबरोबर झोपावे, पण कितीही इच्छा झाली तरी संभोग करायचा नाही, असे वचन घेतले. पंधरवड्याने तो गृहस्थ सांगत आला, की त्याची अडचण पार नाहीशी झाली. 'आपल्याला जमेल का?' या भीतीच्या जागी 'आपला निश्चय टिकेल का?' ही काळजी आली आणि अडचण सुटली. पुढे दोनशे वर्षांनी जे उपचार उभे राहिले, त्यांचे मर्म या एका गोष्टीत आहे.

मुंबईतले एक मासिक

आपल्या राज्यात हा विषय लोकांच्या भाषेत प्रथम मांडला तो प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी. गणिताचे प्राध्यापक असलेल्या कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि जुलै १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवले. वाचकांनी प्रश्न पाठवावेत व संपादकाने सरळ उत्तरे द्यावीत, हा त्याचा एक भागच होता. हस्तमैथुनाने शक्ती जाते या समजुतीला शास्त्रीय आधार नाही, हे ते निर्भीडपणे सांगत.

त्याची किंमत त्यांना द्यावी लागली. १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा जो खटला झाला, तो हस्तमैथुन व समलिंगी संबंध यांविषयीच्या वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून होता. कर्व्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. निकाल विरुद्ध गेला आणि दोनशे रुपये दंड झाला. तरीही कर्व्यांनी १९५३ साली मृत्यू येईपर्यंत मासिक चालवले. त्याच १९३४ साली मुंबईतूनच डॉ. ए. पी. पिल्ले यांनी 'मॅरेज हायजीन' हे लैंगिक शास्त्राचे इंग्रजी नियतकालिक सुरू केले होते.

कर्वे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. पण ज्या भीतीतून अपयश जन्मते, ती भीती खऱ्या माहितीने कमी करणे ही मानसोपचाराची पहिली पायरीच होय. त्यांच्या मृत्यूनंतर लवकरच, १९५४ साली, जादूटोण्याच्या व आक्षेपार्ह औषधी जाहिरातींविरुद्धचा केंद्रीय कायदा आला. नपुंसकत्व बरे करण्याच्या किंवा लैंगिक सामर्थ्य वाढवण्याच्या औषधाची जाहिरात करण्यास त्याने बंदी आहे. भिंती मात्र रंगवल्या जातच राहिल्या. 'धातू जाण्या'च्या या धास्तीला १९६० साली डॉ. एन. एन. विग यांनी 'धात सिंड्रोम' असे नाव दिले. त्यातल्या थकव्याचे आणि काळजीचे मूळ वीर्य जाण्यात नसून त्याविषयीच्या समजुतीत आहे, हे त्यामुळे वैद्यकासमोर आले.

शरीरात काय घडते?

वर्गात रक्ताभिसरण शिकवणाऱ्यांना हा भाग सोपा जाईल. शिश्नात स्पंजासारख्या ऊतीचे दोन दंडगोल असतात. एरवी त्यांतले मृदू स्नायू आकुंचित असतात. उत्तेजना मिळाली की चेतातंतूंच्या टोकांतून नायट्रिक ऑक्साइड सुटते, स्नायू सैलावतात, धमन्यांतून रक्त भरते आणि फुगलेल्या ऊतीखाली शिरा दाबल्या गेल्याने ते आतच राहते. म्हणजे ताठरता ही स्नायू ताणल्याने येत नाही, सैल सोडल्याने येते.

भीतीत नेमके उलटे घडते. अनुकंपी चेतासंस्था जागी होते, ॲड्रेनलिनसारखी द्रव्ये सुटतात आणि त्या स्नायूंचे आकुंचन होते. वाघ समोर असताना शरीराला हेच हवे असते. पण 'आज जमेल ना?' ही चिंतासुद्धा शरीराच्या दृष्टीने वाघच. एकदा अपयश आले की पुढच्या वेळी माणूस स्वतःचीच परीक्षा घेऊ लागतो, परीक्षेची भीती पुन्हा अपयश आणते आणि चक्र सुरू होते. जबरदस्तीने प्रयत्न करून ते तुटत नाही. हंटरने प्रयत्नच बंद करायला लावला तो म्हणूनच.

लंबकाची दोन टोके

१९७० साली अमेरिकेतील मास्टर्स आणि जॉन्सन यांनी हंटरचेच तत्त्व पद्धतशीरपणे मांडले. पतिपत्नी दोघांवर एकत्र उपचार, सुमारे दोन आठवडे, सुरुवातीला संभोगास मनाई आणि केवळ स्पर्शाचा सहज अनुभव. ज्यांना पूर्वी यश येत असे अशा २१३ पुरुषांपैकी सुमारे २६ टक्क्यांमध्येच उपचार अयशस्वी ठरल्याचे त्यांनी नोंदवले. यश कशाला म्हटले हे स्पष्ट नाही, अशी टीका पुढे झाली. पण बहुतेक रुग्णांची अडचण मानसिकच असते, हे मत तेव्हा रूढ झाले.

मग लंबक उलट फिरला. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १०५ रुग्णांपैकी ३७ जणांत संप्रेरकांचा बिघाड आढळला. १९८३ साली ब्रिटिश शास्त्रज्ञ जाइल्स ब्रिंडली यांनी स्वतःला इंजेक्शन टोचून घेऊन, भर सभेत त्याचा परिणाम दाखवला. लैंगिक विचार मनात नसतानाही औषधाने ताठरता येते, हे सिद्ध झाले. १९९८ साली सिल्डेनाफिलची गोळी आली. नायट्रिक ऑक्साइडच्या कार्याच्या शोधाला नोबेल पारितोषिक मिळाले तेही त्याच वर्षी. आता मनाचे काय काम, असे अनेकांना वाटले.

मग उत्तर काय?

कारण कुठले हे ओळखण्याचा एक धागा झोपेत सापडतो. निरोगी पुरुषाला स्वप्नांच्या निद्रावस्थेत रात्रीतून अनेकदा ताठरता येते. ती येत असेल, पण पत्नीच्या सहवासात येत नसेल, तर रक्तवाहिन्या व चेतातंतू बहुधा ठीक असतात. अडचण अचानक सुरू झाली, कधी येते कधी नाही, तरुण वय आहे, अशा वेळी मनाकडे पाहावे. हळूहळू वाढणारी तक्रार, मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान, दारू ही लक्षणे शरीराकडे बोट दाखवतात. शिश्नाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा अरुंद असल्याने ही तक्रार हृदयविकाराची आगाऊ सूचनाही असू शकते. तेव्हा तपासणी टाळून नुसते समुपदेशन करणे धोक्याचे.

मानसोपचाराच्या ११ चाचण्यांचा, एकूण ३९८ पुरुषांचा एकत्रित आढावा २००७ साली प्रसिद्ध झाला. लैंगिक अडचणीवर केंद्रित गटोपचाराने काही पुरुषांना निश्चित फायदा झाला. गोळीबरोबर गटोपचार दिला तर नुसत्या गोळीपेक्षा परिणाम अधिक चांगला झाला आणि उपचार अर्ध्यावर सोडणारेही कमी झाले. चाचण्या लहान होत्या, सर्वांना सारखा गुण आला नाही, हेही खरे. म्हणजे उत्तर 'होय' असेच आहे, पण अटींसह. शरीर आधी तपासावे, शक्य तर जोडीदाराला बरोबर घ्यावे आणि गरज असेल तेथे औषधाची जोड द्यावी. गोळीही डॉक्टरांना विचारूनच घ्यायची. हृदयविकारासाठी नायट्रेट घेणाऱ्याला ती जीवघेणी ठरू शकते.

शब्दांचाही इथे विचार करायला हवा. मराठीत 'नपुंसक' आणि 'षंढ' हे रोगाचे नावही आहे आणि शिवीही. १९९२ साली अमेरिकेतील तज्ज्ञांच्या परिषदेने जुना अपमानास्पद शब्द टाकून 'ताठरतेतील बिघाड' अशा अर्थाची संज्ञा सुचवली. मधुमेहाला आपण शिवी म्हणून वापरत नाही, तसेच हे.

वर्गात काय करता येईल?

२००७ साली महाराष्ट्रात शाळांमधील किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम विरोधामुळे थांबवला गेला. पण प्रजनन संस्थेचा धडा पाठ्यपुस्तकात आहेच. तो 'घरी वाचा' म्हणून सोडून न देता शिकवता येतो. झोपेत वीर्य जाणे हा आजार नाही, हस्तमैथुनाने शक्ती जात नाही, आणि भीतीने शरीराचे काम अडू शकते, ही तीन वाक्ये मुलांच्या कानांवर वेळेवर पडली तर भिंतीवरच्या जाहिरातीचे निम्मे गिऱ्हाईक कमी होईल. एखादा माजी विद्यार्थी घुटमळत काही विचारू लागला, तर हसू नये, उपदेश करू नये. त्याला डॉक्टरांकडे जायला सांगावे. सरकारच्या १४४१६ या दूरध्वनी क्रमांकावर मानसिक आरोग्याचा सल्ला नाव न सांगताही मागता येतो. चाळीसगावहून मुंबईचे मोठे रुग्णालय सव्वातीनशे किलोमीटर दूर आहे. विश्वासाने बोलता येईल असा शिक्षक मात्र प्रत्येक गावात असू शकतो.