आत्महत्या, आत्मार्पण, इच्छामरण : एका नामभेदाचा इतिहास

स्वतःच्या निर्णयाने आयुष्य संपविणे या एकाच कृतीसाठी मराठीत आत्महत्या, देहत्याग, प्रायोपवेशन, समाधी, आत्मार्पण असे अनेक शब्द आहेत. ते समानार्थी नाहीत. ‘हत्या’ म्हटले की दोष आला. ‘अर्पण’ म्हटले की पुण्य आले. परिणामी, या कृतीच्या नैतिकतेची चर्चा मराठीत पुष्कळदा युक्तिवादाऐवजी नामकरणाने उरकली गेली. हे नाव कोण देतो आणि कोणत्या निकषावर देतो, हा म्हणूनच या इतिहासातील कळीचा प्रश्न होय.

धर्मशास्त्राने आत्मघात पाप मानला. तथापि असाध्य व्याधीने वा वार्धक्याने जर्जर झालेल्यांसाठी महाप्रस्थानादी मार्ग खुले ठेवले आणि पुढे कलिवर्ज्यांच्या यादीत तेही निषिद्ध ठरविले. पां. वा. काणे यांनी या अपवादांचा आणि निषेधांचा सविस्तर मागोवा घेतला आहे. मात्र १२९६ साली आळंदीस ज्ञानेश्वरांनी घेतलेली समाधी मराठी मनाने या निषेधाच्या कक्षेत कधीच आणली नाही. शास्त्राच्या निषेधाहून लोकमानसाने दिलेले नाव अधिक प्रभावी ठरले.

हा नामभेद युक्तिवादाच्या पातळीवर आणण्याचा प्रयत्न वि. दा. सावरकरांनी १९६४ सालच्या आपल्या निबंधात केला. निराशेने, वैफल्याने जीव देणे ती आत्महत्या. जीवितकार्य पूर्ण झाल्यावर, देह निकामी होऊ लागला असता, तृप्त मनाने त्याचा त्याग करणे ते आत्मार्पण, असा त्यांचा विवेक आहे. १ फेब्रुवारी १९६६ पासून त्यांनी अन्न व औषध वर्ज्य केले आणि २६ फेब्रुवारीस, वयाच्या ८२व्या वर्षी, त्यांचा अंत झाला. त्यामुळे निबंध पुढे मृत्युपत्रासारखा वाचला गेला आणि त्याची तार्किक तपासणी मागे पडली. वस्तुतः त्यात दोन भिन्न निकष एकत्र आले आहेत. मन तृप्त आहे की निराश, हे ज्याचे त्यालाच ठाऊक. जीवितकार्य पूर्ण झाले की नाही, याचा निवाडा मात्र समाज करतो. ज्याच्या आयुष्याला समाजाने ‘कार्य’ हे नावच दिले नाही, त्याच्या वाट्याला ‘आत्मार्पण’ हा शब्द येण्याची शक्यता या मांडणीत जवळजवळ उरत नाही.

साने गुरुजींचा अंत हा निकष अधिकच अडचणीत आणतो. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून १९४७ साली त्यांनी प्राण पणास लावून उपोषण केले, तेव्हा त्यांची प्राणार्पणाची सिद्धता हे नैतिक सामर्थ्य मानले गेले. ११ जून १९५० रोजी, पन्नाशीत, त्यांनी स्वतः जीवन संपविले. हे वार्धक्य नव्हते, कृतकृत्यताही नव्हती. समाजाविषयीची जी तळमळ पहिल्या प्रसंगी दिसते, तिला दुसऱ्या प्रसंगातून सर्वस्वी वगळणे कठीण आहे. निराशा आणि समर्पण एकाच मनात नांदू शकतात ही शक्यता सावरकरांच्या द्वंद्वात बसत नाही.

कायद्याजवळ याउलट एकच शब्द होता. १८६० च्या दंडसंहितेतील कलम ३०९ आत्महत्येच्या प्रयत्नास शिक्षा सांगत असे. सर्व प्रयत्नांना एकाच मापाने मोजणे समतेच्या तत्त्वाशी विसंगत आहे, हे मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ साली ते कलम रद्द ठरविताना दिलेल्या कारणांपैकी एक होते. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते घटनाबाह्य ठरविले आणि तसे करताना रामाची जलसमाधी व १९८२ सालचे विनोबांचे पवनार येथील प्रायोपवेशन यांचे दाखले दिले. विनोबांच्या कृतीचा उल्लेख तेथे कंसात ‘आत्महत्या’ असा आहे. सावरकरांनी जी रेषा आखली, ती न्यायालयाने पुसली. थोरांच्या देहत्यागाचा आधार सामान्य हताशाला मिळवून दिला. १९९६ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने हा निर्णय फिरविला. जीवनाच्या हक्कात मरणाचा हक्क येत नाही, असे सांगतानाच, सुरू झालेल्या नैसर्गिक मृत्यूची प्रतिष्ठा त्याने वेगळी मानली.

अरुणा शानबाग प्रकरणाने (२०११) ‘इच्छामरण’ हा शब्द रूढ केला. शब्द भीष्माच्या वराचा; पण १९७३ च्या हल्ल्यापासून मुंबईच्या रुग्णालयात निपचित असलेल्या या परिचारिकेची इच्छा कळण्याचा मार्गच नव्हता. याचिका करणारी लेखिका तिच्या वतीने बोलत होती आणि तिची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकाही तिच्याच वतीने विरोध करीत होत्या. जेथे इच्छा अज्ञात होती, तेथेच भाषेने तिला शब्दाच्या आरंभी बसविले. २०१८ च्या निर्णयाने पूर्वलिखित इच्छापत्रास मान्यता दिली, ती ही पोकळी भरण्यासाठीच.

नामकरणाची सत्ता आज प्रशासनाकडेही आहे. शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर कुटुंबास साहाय्य द्यावे की नाही, हे ठरविताना महाराष्ट्रात ते प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ असा निर्णय होतो. मान्य प्रकारचे कर्ज कागदावर सिद्ध झाले नाही, तर मृत्यू ‘अपात्र’. दुसरीकडे, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३०९ उरलेले नाही. लोकसेवकावर दडपण आणण्यासाठी केलेला आत्महत्येचा प्रयत्न मात्र शिक्षापात्र आहे. सावरकरांनी निराशेला दोष आणि हेतूला गौरव दिला होता. नव्या कायद्याने निराशेला सोडले आणि एका विशिष्ट हेतूला गुन्हा ठरविले. श्रेणी उलटली, पण मृत्यूची प्रतवारी राहिलीच. थोरांसाठी निर्माण झालेल्या शब्दांची उंची मोजताना, ज्यांच्या मरणाला केवळ एक विशेषण लाभते त्यांच्याकडे पाहिल्याशिवाय या नीतिविचाराची परीक्षा पूर्ण होत नाही.