शिडाच्या होडीतून जंजिरा : एका दिवसाच्या जलप्रवासाचे ऐतिहासिक वाचन

प्रस्तावना :

रायगड जिल्ह्यातील मुरूडजवळच्या राजपुरी गावातून शिडाच्या होडीने जंजिरा किल्ल्यावर जाणे व दिवस मावळण्यापूर्वी परतणे, हा महाविद्यालयीन सहलींचा नेहमीचा कार्यक्रम होय. सहलीनंतर विद्यार्थी जे वृत्तांत लिहितात त्यांत कलालबांगडी तोफ, महाद्वारावरील शिल्प व बुरूज यांची वर्णने असतात. होडीचा उल्लेख मात्र ‘मजा आली’ एवढ्यावर संपतो. वास्तविक हा किल्ला का जिंकला गेला नाही, या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या होडीतच मिळते. प्रस्तुत लेखात या छोट्या जलप्रवासाकडे इतिहासाचे एक साधन म्हणून पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

पार्श्वभूमी :

‘जंजिरा’ हा शब्द ‘जझीरा’ म्हणजे बेट या अरबी शब्दावरून आला आहे. परंपरेनुसार येथे प्रथम कोळ्यांचा लाकडी मेढेकोट होता व राम पाटील हा त्यांचा प्रमुख होता. निजामशाहीच्या पिरमखानाने व्यापाऱ्याच्या मिषाने प्रवेश मिळवून तो घेतला, असे सांगितले जाते. पुढे सोळाव्या शतकात दगडी तटबंदी उभी राहिली आणि मूळच्या आफ्रिकेतील हबशी, म्हणजेच सिद्दी, सरदारांनी येथे आपली सत्ता स्थिर केली. १९४८ मध्ये जंजिरा संस्थान विलीन होईपर्यंत ती टिकली.

शिवाजी महाराजांनी या किल्ल्यासाठी वारंवार मोहिमा काढल्या. त्यांनी जवळच कासा बेटावर पद्मदुर्ग उभारला. या बांधकामास रसद पोहोचविण्यात हयगय करणाऱ्या अधिकाऱ्याला महाराजांनी १६७५ मध्ये कडक शब्दांत पत्र लिहिले होते. १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी खाडीत दगड टाकून किनाऱ्यापासून किल्ल्यापर्यंत सेतू बांधण्याचा प्रयत्न केला; परंतु मोगली आक्रमणामुळे ते काम अर्धवट सोडावे लागले. १७३३ पासून पेशव्यांनी सिद्दीविरुद्ध मोहीम चालविली व १७३६ मध्ये चिमाजी अप्पांनी सिद्दी सात याला लढाईत ठार केले. तरीही जंजिरा हाती आला नाही.

होडीतून दिसणारा किल्ला :

राजपुरीच्या धक्क्यावरून किल्ला हाकेच्या अंतरावर असल्यासारखा भासतो. होडी निघाली की हा भ्रम दूर होतो. सकाळी मतलई वारा मंद असेल तर वल्ह्यांचा आधार घ्यावा लागतो. दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा सुटला की सरळ रेषेत जाता येत नाही. तांडेल शीड फिरवून, वाऱ्याला तिरपे जात वाट काढतो. खाडीच्या मुखाशी भरती-ओहोटीचा ओढही असतो. जे अंतर डोळ्यांना अल्प दिसते, ते वारा व पाणी मिळून ठरवितात. पावसाळ्यात तर ही वाहतूक बंदच असते. वेढा घालणाऱ्या सैन्याला किती थोडे महिने मिळत असतील, याची कल्पना यावरून करता येते.

दुसरी बाब महाद्वाराची. ते राजपुरीच्याच दिशेला आहे. तरी होडी अगदी जवळ जाईपर्यंत बुरुजांच्या आडोशामुळे ओळखू येत नाही. तोपर्यंत होडी तटावरील तोफांच्या माऱ्यात पूर्णपणे आलेली असते.

तिसरी बाब उतरण्याची. तटाचा पाया सरळ पाण्यातून वर येतो. सैन्य उतरवून मांडणी करता येईल असा वाळूचा किनारा येथे नाही. दारापुढे होडी लाटांवर खालीवर होते आणि खलाशी हात देऊन एकेकाला पायरीवर घेतात. शांत दिवशी निःशस्त्र प्रवाशांची ही स्थिती, तर रात्रीच्या अंधारात शिड्या घेऊन येणाऱ्यांची काय झाली असेल? आत गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव असल्याने पाणी तोडून किल्ला शरण आणणेही शक्य नव्हते. हे सर्व अनुभवल्यावर सेतूची योजना अविचारी वाटत नाही. समुद्राची अडचण मुळातूनच दूर करण्याचा तो प्रयत्न होता.

नाविकांचे स्थान :

या इतिहासात राजे व सरदार ठळकपणे येतात. होडी चालविणारे क्वचितच येतात. लाय पाटील हा अपवाद होय. पद्मदुर्गावरील या कोळ्याने मोरोपंत पेशव्यांच्या मोहिमेत रात्री जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावल्या. परंतु मागून यावयाचे सैन्य वेळेत न आल्याने पहाटे त्या काढून घ्याव्या लागल्या, असे परंपरा सांगते. महाराजांनी त्याला पालखीचा मान देऊ केला. दर्यावर्दीला पालखीचा काय उपयोग, असे म्हणून त्याने तो नम्रपणे नाकारला, तेव्हा ‘पालखी’ नावाचे गलबतच त्याला देण्यात आले. या कथेचा तपशील परंपरेतून आला असला तरी तिच्यातील जाणीव महत्त्वाची आहे : समुद्रावरील प्रतिष्ठा जमिनीवरील मानचिन्हांनी मोजता येत नाही. तसेच या मोहिमेत कमी पडले ते शिड्या लावणाऱ्यांचे धैर्य नव्हे, हेही ती नोंदवून ठेवते.

समारोप :

जंजिऱ्याचा उल्लेख आपल्याकडे बहुधा ‘अजिंक्य’ या एका शब्दात होतो. त्या शब्दाने कोणाचा अभिमान सुखावतो, कोणाला तो सलतो. पण त्याने काहीच स्पष्ट होत नाही. वारा, भरती, दडलेले द्वार व पाण्यातून उठणारा तट यांचा एकत्रित विचार केल्यावरच त्याला अर्थ प्राप्त होतो. हा विचार शिडाची होडी अर्ध्या-पाऊण तासात करावयास लावते. यांत्रिक नौका सोयीच्या आहेत, त्यांना विरोध करण्याचे कारण नाही. मात्र वाऱ्याची दिशा पाहून शीड फिरविणारा तांडेल या धक्क्यावरून नाहीसा झाला, तर किल्ल्याचे दगड राहतील, पण ते वाचण्याची एक लिपी हरवेल. म्हणून इतिहासाच्या शिक्षकाने पुढील सहलीत तोफेसमोर विद्यार्थ्यांना माहिती सांगण्यापूर्वी होडीतच एक प्रश्न विचारावा : ‘दरवाजा कोठे आहे?’ उत्तर शोधताना विद्यार्थी जे पाहतील, ते पाठ्यपुस्तकातील परिच्छेदापेक्षा अधिक काळ त्यांच्या लक्षात राहील.