पिल्झेनची बिअर
बोहेमियातील पिल्झेन नगराच्या ज्या नागरिकांकडे बिअर बनवण्याची सनद तेराव्या शतकापासून चालत आली होती, त्यांनीच १८३८ साली बिघडलेल्या बिअरची ३६ पिपे नगरसभागृहासमोर ओतून दिली. रुचिभंगाचा इतका जाहीर निषेध मला तरी अत्यंत प्रामाणिक वाटतो. पुढे त्यांनी सामायिक कारखाना उभारला, बव्हेरियाहून बिअर-निर्माता योसेफ ग्रोल यास पाचारण केले, आणि ५ ऑक्टोबर १८४२ रोजी त्याने तेथील अल्पक्षार मृदू पाणी, फिकट वाळवलेले सातूचे माल्ट, बोहेमियन हॉप आणि थंडाव्यात संथपणे काम करून तळाशी बसणारे बव्हेरियन किण्व यांच्या संयोगातून पहिला घाणा काढला. नोव्हेंबरात तोटी उघडली, तेव्हा गडद बिअरला सरावलेल्या जिव्हांपुढे सोनेरी, नितळ, सुखद कडवट असे अनपेक्षित पेय आले, आणि ते त्यांनी मनःपूर्वक स्वीकारले.