प्लेगचें इस्पितळ आणि आपलीं माणसें



सन १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉक्टर व्हिएगस यांनीं गांठीचा प्लेग ओळखला. पुढें फेब्रुवारी १८९७ मध्यें साथीच्या रोगांचा कायदा झाला, आणि घरझडती व सक्तीनें इस्पितळांत नेणें यांस कायद्याचें बळ मिळालें. लोक इस्पितळास इतके कां भ्याले, हा प्रश्न आज आपणांपुढें मांडावयाचा आहे.

२९ ऑक्टोबर १८९६ रोजीं गिरणीकामगारांच्या जमावानें आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. तो निव्वळ अडाणीपणा होता असें म्हणणें सोपें आहे. परंतु परक्या हातचें अन्नपाणी, परपुरुषाकडून स्त्रियांची तपासणी, आप्तांपासून ताटातूट आणि अंत्यसंस्कारांविषयीं धास्ती, हीं भयें खोटीं नव्हतीं. पारशी, खोजे, जैन आदि समाजांनीं स्वतःचीं इस्पितळें काढलीं, तेव्हां तेथें लोक आपले रोगी नेऊं लागले. पुण्यासहि टिळकांनीं हिंदु प्लेग इस्पितळ चालविलें. हाफकिनसाहेबांनीं १० जानेवारी १८९७ रोजीं आपली लस प्रथम स्वतःस टोंचून घेतली. पण खोजांचा तिजवर विश्वास बसण्यास तरुण आगाखानांनीं ती चारचौघांसमक्ष टोंचून घेणें हेंच उपयोगी पडलें. औषध तेंच, हात आपला असला म्हणजे रोगी तें घेतो.

मात्र ज्या समाजापाशीं धनिक नव्हते, इस्पितळास जागा देणारा कोणी नव्हता, त्यांचें काय? अस्पृश्यांस जातीच्या इस्पितळाचा आधार कोठून असणार? पुण्याजवळ हडपसरच्या ससाणे मळ्यांत सावित्रीबाई फुले व त्यांचे पुत्र डॉक्टर यशवंत यांनीं प्लेगच्या रोग्यांसाठीं दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यांतील एका आजारी मुलास सावित्रीबाईंनीं पाठीवर घेऊन तेथें आणलें. त्या सेवेंतच त्यांस प्लेग झाला, आणि १० मार्च १८९७ रोजीं त्यांचें देहावसान झालें.

दोन्ही गोष्टी एकत्र ठेवून पाहाव्या. लोकांचा सहभाग नसेल तर उत्तम औषधहि दारांतून परत जातें. उलट, सारा भार ज्या त्या समाजावर टाकला, तर श्रीमंत समाजास खाट मिळते आणि दरिद्री समाजास केवळ एखाद्या सावित्रीबाईची वाट पाहावी लागते. म्हणून इस्पितळाचा खर्च सर्वांच्या तिजोरींतून व्हावा, आणि रोग्यास हात देणारें माणूस त्यास आपलें वाटावें. तसें माणूस नेमणें ही कृपा नव्हे. तो उपचाराचाच एक भाग आहे.