अस्थिकलश आणि सुवर्णबंध : चीन-जपान बौद्ध मैत्री परिषदेची पूर्वपीठिका

मे 1995 मध्ये बीजिंग येथे चीन, कोरिया व जपान या तीन देशांतील बौद्धांची पहिली मैत्री परिषद भरली. दुसरी 1996 मध्ये सेऊल येथे आणि तिसरी 1997 मध्ये क्योतो येथे झाली. पुढे ती आळीपाळीने भरविण्याचा प्रघात पडला. चिनी बौद्ध संघाचे अध्यक्ष झाओ पुचू यांनी 1993 मध्ये जपानभेटीत या तीन देशांना जोडणाऱ्या धम्मास 'सुवर्णबंध' असे संबोधिले होते. परिषद हे त्याच विचाराचे फळ होय. परंतु सामुदायिक वंदना व शांततेचे ठराव यांनी शेजाऱ्यांतील वैर शमते काय? चीन आणि जपान यांच्यापुरता हा प्रश्न आम्ही येथे तपासू इच्छितो.

या दोन देशांचा धम्मसंबंध प्राचीन आहे. विनयाची शुद्ध परंपरा जपानात नेण्यासाठी यांगझोऊचे भिक्खू जिआनझेन यांनी पाच वेळा प्रयत्न केले. पाचही निष्फळ ठरले. सहाव्या प्रयत्नात, 753 मध्ये, ते जपानच्या किनाऱ्यास लागले, तेव्हा त्यांची दृष्टी गेली होती असे परंपरा सांगते. नारा येथील तोशोदाइजी विहार त्यांनीच 759 मध्ये स्थापिला.

अशा आचार्याचे ऋण असलेल्या देशाने 1937 ते 1945 या काळात चीनवर भीषण युद्ध लादले आणि जपानमधील बहुतेक बौद्ध पंथांनी त्या युद्धास आशीर्वाद दिला. सुमारे 39,000 चिनी माणसे जपानात सक्तमजुरीसाठी नेण्यात आली. त्यांपैकी 6,830 मृत्यू पावली. एकट्या हानाओका येथे 986 पैकी 418 जण दगावले.

मैत्रीचा खरा आरंभ या मृतांपासून झाला. 1952 मध्ये बीजिंग येथील शांतता परिषदेच्या वेळी चिनी बौद्धांनी जपानी बौद्धांसाठी बुद्धमूर्ती दिली. 1953 मध्ये जपानी बौद्धांनी, इतर संघटनांच्या सहकार्याने, मृत मजुरांच्या अस्थी चीनला पोहोचविण्यास प्रारंभ केला. त्या वेळी जपान सरकारची मान्यता तैवानमधील राजवटीस होती. बीजिंगशी राजनैतिक संबंध नव्हते. सरकारांना जे मान्य करावयाचे नव्हते, ते अस्थिकलश घेऊन निघालेल्या या माणसांनी कृतीने मान्य केले. 1963 मध्ये जिआनझेन यांच्या निर्वाणाची बारा शतके दोन्ही देशांत साजरी झाली. 29 सप्टेंबर 1972 रोजी राजनैतिक संबंध प्रस्थापित झाले, 1978 मध्ये मैत्री करार झाला आणि 1980 मध्ये जिआनझेन यांची मूर्ती तोशोदाइजीहून यांगझोऊस भेटीला आली. सांस्कृतिक क्रांतीत ज्या देशात विहारांची दारे बंद झाली होती, तेथे या मूर्तीच्या दर्शनास लोक लोटले.

तथापि या इतिहासाची दुसरी बाजू झाकणे उचित नव्हे. चीनमधील बौद्ध संघ शासनाच्या नियंत्रणाखाली आहे. त्यामुळे परिषदेचा आवाज शासनाच्या धोरणापलीकडे सहसा जात नाही. जपानी पंथांनाही युद्धातील आपला दोष उघडपणे मान्य करण्यास दीर्घ काळ लागला. सोतो झेन पंथाने जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला तो 1992 मध्ये, म्हणजे युद्धसमाप्तीनंतर सत्तेचाळीस वर्षांनी. हा विलंब लहान नव्हे.

भिक्खू हा केवळ परिपूर्ण मानव, की समाजाचा सेवक, असा प्रश्न बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रास्ताविकात उपस्थित केला आहे. अस्थी परत नेणाऱ्यांनी त्याचे उत्तर आचरणाने दिले, असे आम्हांस वाटते. युद्धास आशीर्वाद देणारेही भिक्खूच होते, याचेही विस्मरण होता कामा नये. परिषदेचे मोल तिच्या ठरावांवरून करू नये. अन्याय करणाऱ्याने तो कबूल केला काय आणि ज्यांचे गेले त्यांना त्यांचे परत मिळाले काय, एवढेच पाहावे. मैत्रीची भाषा त्यानंतरची.