खुंटीवरचा पट्टा

खंडेनवमीला कोल्हापुरातल्या आमच्या पेठेतल्या तालमीत गेलात तर मारुतीपुढं जाजम अंथरलेलं दिसेल. त्यावर पट्टे, विटे, भाले, फरी-गदके, लाठ्या ओळीनं मांडलेल्या. वस्ताद एकेका पात्यावरून तेलाचा बोळा फिरवतात, हळदकुंकू लावतात, झेंडू वाहतात. दुसऱ्या दिवशी दसरा. त्या दिवशी शाळेतली पोरं पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढून तिला नमस्कार करतात. लहानपणी हे सगळं मला एकाच सणाचं वाटायचं.

म्हणूनच रंकाळा तलावाच्या कट्ट्यावर एका मित्रानं परवा विचारलं, "अमेरिकेत म्हणतात तसं मास्तरांना पिस्तुलं दिली तर बिघडलं कुठं? आपले वस्ताद हत्यारबंदच होते की!" तेव्हा मला पटकन उत्तर सुचलं नाही. मित्राचं अर्धं खरं होतं. कोल्हापुरात शिकवणाऱ्याच्या हाताशी हत्यार होतंच. पण ते नेमकं कुठं असायचं, हे मागं जाऊन बघायला हवं.

दांडपट्ट्यापासूनच सुरुवात करू. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याला राज्यशस्त्राचा मान मिळाला, त्यामुळं आता त्याचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. कोपरापर्यंत हात झाकणारा लोखंडी खोबळा आणि पुढं लांबच लांब, दोन्ही बाजूंनी धारेचं, लवचिक पातं. खोबळ्यात मनगट अडकलेलं असतं, त्यामुळं वार खांद्यातून आणि कमरेतून येतो. चुकलं तर पातं आपल्याच पोटरीवर फिरतं. म्हणून पट्टा पहिल्या दिवशी कुणाला मिळत नाही. आधी महिनोन्‌महिने लाठी, मग चामड्याची फरी आणि गदका, आणि कधीतरी वस्तादांच्या मनात आलं तर पट्टा. तोवर तो खुंटीवर, आणि खुंटी वस्तादांच्या बसायच्या जागेमागं.

मी बारा वर्षांचा असेन. गल्लीतल्या एका पोराशी मारामारी करून, फुटलेला ओठ घेऊन, तसाच तालमीत गेलो आणि म्हणालो, "वस्ताद, आज मला पट्टा शिकवा." त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं, कोपऱ्यातलं फावडं दाखवलं आणि म्हणाले, "आधी हौदा उकर. सगळा." हौद्यातली लाल माती तासभर उकरली. घामानं डोळे चुरचुरायला लागले, हाताला फोड आले आणि त्या पोराचं नाव डोक्यातून गेलं. पट्टा त्या दिवशी मिळाला नाहीच. पुढंही दोन वर्षं नाही. हत्यारबंद गुरू म्हणजे काय, याची माझ्याकडची व्याख्या एवढीच आहे: कुणाला कधी द्यायचं नाही, हे ज्याला कळतं तो.

आता इतिहास. १८४४ मध्ये सामानगड-भुदरगडावर गडकऱ्यांचं बंड झालं, ते मोडल्यावर किल्ल्यांची रयाच गेली. ३१ जुलै १८५७ ला कोल्हापुरात २७ व्या पलटणीनं उठाव केला. त्याचा ठपका ठेवून छत्रपतींचे धाकटे भाऊ चिमासाहेब महाराजांना कराचीला नेऊन ठेवलं, ते तिथंच वारले. उठावाच्याच वर्षी दक्षिण मराठा मुलखात हत्यारं जमा करण्याचा सपाटा सुरू झाला आणि मुधोळ संस्थानातल्या हलगलीचे बेरड त्यावरूनच उठले. ज्या मुलखात नांगराइतकीच तलवार घरची होती, तिथं ती अशी सरकारजमा होऊ लागली. ब्रिटिश मुलखात पुढं १८७८ चा शस्त्र कायदा आला आणि हत्यार बाळगणं हा हक्क न राहता परवान्याची मेहेरबानी झाली.

मग उरलं काय? तालीम उरली. लढाईचं हत्यार मर्दानी खेळ झालं. पट्ट्यानं माणूस कापायचा बंद झाला आणि तळहातावरचं लिंबू कापायचं सुरू झालं. याची कुणाला हळहळ वाटते, मला वाटत नाही. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, खासबाग मैदान बांधलं आणि पेठापेठांतल्या तालमींना जोर आला. त्याच महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. म्हणजे एकाच राजवटीत वस्तादही मोठा झाला आणि मास्तरही. दोघांच्या जागा मात्र वेगळ्या राहिल्या. वस्तादांची तालीम, मास्तरांची शाळा.

मास्तरांच्या वाट्याला आली छडी. निरगुडीची, नाहीतर चिंचेची, आणि पुष्कळदा ती तोडून आणायचं काम मार खाणाऱ्याकडंच. आमच्या पिढीला त्या छडीचं भारी कौतुक. 'त्यामुळंच आम्ही घडलो' असं साठीतली माणसं छातीठोक सांगतात. मला ते कधी पटलं नाही. आम्ही घडलो ते छडी असूनही. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याच्या सतराव्या कलमानं शारीरिक शिक्षेवर बंदी घातली. ज्याच्या हातात फोक ठेवायला कायदा तयार नाही, त्याच्या कमरेला पिस्तूल लावायचं, ही कल्पना आपल्याकडं इथंच अडखळते.

तरी बंदूक हाताळणारा मास्तर मी पाहिलाय. १९४८ च्या कायद्यानं एनसीसी उभी राहिली आणि शाळेतलेच शिक्षक प्रशिक्षण घेऊन तिचे अधिकारी होऊ लागले. १९६२ च्या चीन युद्धानंतर कॉलेजात ती काही वर्षं सक्तीचीही होती. आमचे भूगोलाचे सर असे अधिकारी होते. खाकी चढवली की ओळखूच यायचे नाहीत. पण रायफली शाळेत कधीच नसत. त्या बटालियनच्या कोतात, म्हणजे शस्त्रागारात. फायरिंगच्या दिवशी मोजून गाडीत चढायच्या, रेंजवर मोजून उतरायच्या. लाल निशाण लागायचं, पोटावर झोपायचं, पॉइंट टू-टूच्या पाच गोळ्या प्रत्येकाला. शेवटी रिकाम्या पुंगळ्या गोळा करून पुन्हा मोजणी.

एकदा एक पुंगळी कमी भरली. करंगळीच्या नखाएवढ्या त्या पितळी तुकड्यासाठी आम्ही सगळी पोरं, हवालदार आणि खुद्द सर, गुडघ्यावर बसून गवत चाळत होतो. ऊन वर आलं, नाष्ट्याची पुरीभाजी गार झाली. अखेर ती एका पोराच्या गुंडाळलेल्या बाहीत सापडली. सर त्याला ओरडलेसुद्धा नाहीत, फक्त वहीत आकडा लिहून खाली सही केली. दुसऱ्या दिवशी वर्गात आले ते खडू घेऊन.

आता अमेरिकेकडं बघू. डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हूकच्या शाळेत २० चिमुरडी आणि ६ मोठी माणसं मारली गेली. त्यानंतर शिक्षकांना बंदुका देण्याची मागणी जोरात आली. २०१८ मध्ये फ्लोरिडातल्या पार्कलँडला शाळेतल्या गोळीबारात १७ जण गेले, आणि पुढच्याच वर्षी फ्लोरिडानं वर्गशिक्षकांनाही प्रशिक्षण घेऊन हत्यार बाळगण्याची वाट मोकळी केली. २०२४ मध्ये टेनेसीनं तसाच कायदा केला. युक्तिवाद असा की, पोलीस पोचेपर्यंतची मिनिटं महत्त्वाची, आणि तेव्हा तिथं फक्त शिक्षक असतो. युक्तिवाद पोकळ नाही. पण मे २०२२ मध्ये टेक्ससमधल्या युव्हाल्डीच्या शाळेत ३७६ हत्यारबंद पोलीस पोचले होते आणि सव्वा तासाहून जास्त वेळ त्यांना हल्लेखोर होता त्या वर्गात शिरवलं नाही. १९ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. ज्यांचा तो पेशाच, त्यांची ही गत. तिथं गणिताच्या बाईंनी काय करावं अशी अपेक्षा आहे?

खरी परीक्षा मात्र शेजारी, पाकिस्तानात झाली. १६ डिसेंबर २०१४ ला पेशावरच्या आर्मी पब्लिक स्कूलवर हल्ला झाला, दीडशेच्या आसपास बळी गेले, बहुतेक मुलं. महिन्याभरात खैबर पख्तुनख्वा सरकारनं शिक्षकांना शाळेत हत्यार आणायला परवानगी दिली. त्यानंतरच्या दोन घटना शेजारी शेजारी ठेवून बघा. जानेवारी २०१६ मध्ये चारसद्दाच्या बाचा खान विद्यापीठात अतिरेकी घुसले, तेव्हा रसायनशास्त्राचे सय्यद हामिद हुसेन यांनी स्वतःच्या पिस्तुलातून गोळ्या झाडून त्यांना थोपवून धरलं; काही विद्यार्थ्यांना निसटता आलं, ते स्वतः मात्र मारले गेले. त्या माणसापुढं मान लवते. पण त्याच्या सहाच महिने आधी, जुलै २०१५ मध्ये, स्वातमधल्या एका शाळेत शिक्षक पिस्तूल साफ करत असताना गोळी सुटली आणि बारा वर्षांचा विद्यार्थी गेला. अतिरेकी एखाद्या दिवशी येतो, पिस्तूल रोज शाळेत येतं. रोजच्या त्या वस्तूची पुंगळी कोण मोजणार, हा प्रश्न मला हुसेन यांच्या शौर्यानंतरही सुटत नाही.

कोल्हापूरला बंदुकीचं वावडं नाही. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला नेमबाजीत जगज्जेती झाली. राही सरनोबतनं २०१८ च्या एशियाडमध्ये सुवर्ण आणलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४५१.४ गुणांवर कांस्य मिळवलं, आणि त्याचे वडील शिक्षक आहेत. म्हणजे मास्तरांच्या घरात रायफल आली, पण ती पन्नास मीटरवरच्या निशाण्यासाठी. गडहिंग्लज-शाहूवाडीकडं डुकरांपासून ऊस राखायला परवान्याच्या बंदुका असतात. निवडणूक लागली की त्या पोलीस ठाण्यात जमा होतात. हत्यार ठेवण्याची, उतरवण्याची आणि मोजण्याची शिस्त या मातीला ठाऊक आहे.

तेव्हा मित्राला माझं उत्तर: नाही. वस्ताद हत्यार राखत होते, अंगावर बाळगून पोरांत वावरत नव्हते.

आणि शाळेतल्या गोळीबाराचा मागोवा घेतला तर तो शाळेच्या फाटकाशी संपतच नाही. डिसेंबर २००७ मध्ये गुडगावच्या शाळेत आठवीतल्या दोन मुलांनी वर्गमित्राला मारलं ते एकाच्या वडिलांच्या पिस्तुलानं. जानेवारी २०१८ मध्ये यमुनानगरला बारावीतल्या मुलानं मुख्याध्यापिकेवर रोखलं ते वडिलांचं परवान्याचं रिव्हॉल्व्हर. सँडी हूकची रायफलसुद्धा हल्लेखोराच्या आईची होती. तुमच्या घरात परवान्याचं हत्यार असेल, तर त्या कपाटाची किल्ली कुठं असते आणि ती जागा घरात कुणाकुणाला ठाऊक आहे, एवढं आज रात्री बघून घ्या.