ग्लेनऑर्कीच्या कॉलिनचा स्फटिक

स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या ग्लेनऑर्कीच्या कॅम्बेल घराण्यात १६४० साली एक यादी तयार झाली. घराण्याच्या कर्त्याने मागे ठेवलेल्या आणि पुढे कोणीही घराबाहेर जाऊ द्यायच्या नाहीत अशा चीजवस्तूंची ती यादी. त्यात एका दगडाची नोंद आहे. कोंबडीच्या अर्ध्या अंड्याएवढा, चांदीत बसवलेला, एका बाजूने चपटा आणि दुसऱ्या बाजूने नासपतीसारखा गोल. हा दगड घराण्याचा मूळपुरुष सर कॉलिन याने रोड्स बेटावर तुर्कांशी लढताना अंगावर घातला होता आणि तो स्वतः रोड्सच्या सरदारांपैकी एक होता, अशी पुस्तीही लिहिणाऱ्याने जोडली आहे. दगड म्हणजे पारदर्शक स्फटिक. आज तो एडिनबराच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

या नोंदीतली चांदी मला मान्य आहे, नासपतीही मान्य आहे. तुर्क मात्र मान्य नाहीत.

कॉलिन कोण, हे आधी थोडक्यात. लॉक ऑ या लांबलचक सरोवराकाठच्या डंकन कॅम्बेलचा हा धाकटा मुलगा. १४३२ मध्ये बापाने त्याला ग्लेनऑर्कीची दरी तोडून दिली आणि तो 'लेअर्ड' झाला, म्हणजे सनदेने जमीन धरणारा पण लॉर्डच्या पायरीखालचा वतनदार. सनद कॅम्बेलांकडे असली तरी त्या दरीत पिढ्यान्‌पिढ्या राहत होते ते मॅकग्रेगर. १४५३ मध्ये म्हातारा डंकन वारला. थोरला मुलगा त्याच्या आधीच गेलेला, नातू अजून अज्ञान. त्या पुतण्याचा पालक म्हणून सगळ्या कुळाचा कारभार कॉलिनच्या हाती आला. पुतण्या पुढे अर्गाइलचा पहिला अर्ल झाला. कॉलिनने लॉक ऑच्या टोकाला किलचर्नचा पाच मजली बुरूज उभारला, चार लग्ने केली, आणि त्यातल्या दुसरीच्या वाट्यातून लॉर्न प्रांताचा तिसरा हिस्सा घराण्यात आणला. १४७५ मध्ये तो वारला. धाकट्या मुलाने एवढे जमवावे, हे त्या काळातही कौतुकाचेच होते.

आता रोड्स. हे बेट तेव्हा सेंट जॉनच्या लढवय्या धर्मसंघाच्या ताब्यात होते. तुर्कांनी त्याला पहिला मोठा वेढा घातला तो १४८० मध्ये, सुलतान मेहमेद दुसरा याच्या फौजेने. तोवर कॉलिनला जाऊन पाच वर्षे झाली होती. त्याच्या हयातीत रोड्सवर मोठे हल्ले झाले ते १४४० आणि १४४४ मध्ये, पण ते इजिप्तच्या मामलुकांचे. १४४४ चा वेढा सुमारे चाळीस दिवस चालला. यादीवाल्याच्या बाजूने एवढे म्हणता येईल की १६४० मध्ये मामलुक कोणाच्या लक्षात असणार? पूर्वेकडचा शत्रू म्हटला की तुर्क. आणि किलचर्नचे बांधकाम १४५० च्या आसपासचे धरतात, तेव्हा १४४४ मध्ये लेअर्ड परदेशात होता असे मानायला जागा राहते.

त्या जागेत लोककथेने आपला संसार थाटला आहे. कॉलिन सात वर्षे परत आला नाही. मॅककॉर्कोडेल नावाच्या शेजारच्या सरदाराने त्याची पत्रे अडवली, तो मेल्याची आवई उठवली आणि त्याच्या बायकोला मागणी घातली. बायको खंडाच्या पैशातून किलचर्न बांधत राहिली, जमेल तितके दिवस टाळत राहिली. शेवटी लग्नाच्या दिवशी एक भिकारी दारात आला. नवरीच्याच हातून पेला घेईन म्हणून अडून बसला, पेला रिकामा केला आणि त्यात अंगठी टाकून परत दिला. ही कथा ग्रीकांनी कॉलिनच्या दोन हजार वर्षे आधी सांगून ठेवली आहे. लांबच्या प्रवासाला गेलेल्या प्रत्येक नवऱ्याला युरोपात ती कधी ना कधी चिकटतेच, म्हणून पुरावा म्हणून मी ती धरत नाही.

'रोड्सचा सरदार' हे प्रकरण याहून अवघड आहे. सेंट जॉनच्या संघात शपथ घेणाऱ्याला ब्रह्मचर्य पाळावे लागे. चार बायकांचा दादला त्या संघाचा सभासद कसा? ग्लेनऑर्की घराण्याची बखर 'टेमथचे काळे पुस्तक' या नावाने ओळखली जाते. विल्यम बोवी नावाच्या लेखकाने ती १५९८ मध्ये लिहायला घेतली. बोवी जरा जपून लिहितो. कॉलिनला रोड्स बेटावर नाइट हा किताब मिळाला आणि तो तीनदा रोमला गेला, एवढेच त्याचे म्हणणे. हे शक्य आहे. यात्रेकरूला रोड्सवर किताब मिळाला म्हणून तो संघाचा होत नाही. लोकांनीही त्याला 'रोमचा काळा कॉलिन' म्हटले, रोड्सचा नव्हे. बोवी रोड्सचा पत्ता सांगतो तोही पाहण्यासारखा आहे. कार्पेथियन समुद्रात, आशिया मायनरमधल्या कारियाजवळ. घरातल्या म्हाताऱ्याने शेकोटीपाशी सांगितलेली आठवण अशी नसते. शाळेत लॅटिन घोकलेल्या माणसाने भूगोलाच्या पोथीतून उतरवलेली असते.

म्हणजे कॉलिन प्रवासाला गेला हे खरे धरू. दगड मात्र त्याच्या मृत्यूनंतर १६५ वर्षांनी लिहिलेल्या नोंदीच्या आधारावर रोड्सशी बांधला आहे. मग तो आला कुठून?

मला धागा सापडला तो त्याच्या तिसऱ्या बायकोच्या माहेरी. मार्गारेट ही स्ट्रुअनच्या रॉबर्टची मुलगी. स्ट्रुअनचे हे घराणे म्हणजे डोनाखी कुळ, पुढचे रॉबर्टसन. या कुळाकडे स्फटिकाचा एक गोळा आहे, 'क्लाख ना ब्रातिख', म्हणजे निशाणाचा दगड. १३१४ मध्ये बॅनकबर्नच्या लढाईला जाताना सरदाराने जमिनीत रोवलेली निशाणाची काठी उपटली, तर मुळाशी आलेल्या ढेकळात हा दगड चमकत होता, अशी त्याची जन्मकथा. सरदार तो पाण्यात बुडवी आणि ते पाणी आजारी माणसांना, गुरांना पाजत. १७१५ च्या बंडाच्या सुमारास त्यात तडा दिसला आणि कुळाचे दिवस फिरले, असे कुळाचे लोक सांगत आले.

सासऱ्याचा आणि जावयाचा संबंध नुसत्या लग्नापुरता नव्हता. १४३७ च्या फेब्रुवारीत पर्थच्या मठात राजा जेम्स पहिला याचा खून झाला. मारेकऱ्यांचा म्होरक्या सर रॉबर्ट ग्रॅहम याला पकडले ते स्ट्रुअनच्या रॉबर्टने, आणि १४५१ मध्ये त्याची जमीन सरंजामी दर्जाची झाली. कटातला दुसरा एक जण, थॉमस चामर, कॉलिनने धरला. त्याचे बक्षीस यायला ३६ वर्षे लागली: १४७३ मध्ये लॉक टे सरोवराच्या उत्तर काठावरचे लॉअर्स. राजघराण्याचे देणे इतके रखडलेले पाहून मला कॉलिनच्या चिकाटीचेच नवल वाटते. तर राजाचे खुनी पकडणारी दोन घराणी, एकमेकांचे सोयरे, आणि दोघांच्याही तिजोरीत एकेक स्फटिक. याला मी योगायोग मानायला तयार नाही.

आणि स्फटिक या दोनच घरांत नव्हते. लॉक अर्नच्या काठी आर्डव्हॉरलिकच्या स्ट्यूअर्टांकडेही चांदीत बसवलेला एक आहे, 'क्लाख जेरग'. तोही पाण्यात फिरवून ते पाणी गुरांसाठी नेत. नकाशावर ही घरे टिपली तर ती लॉक टेच्या आसपास गोळा होतात. ज्या दगडाची भावंडे सगळी एकाच मुलखात आहेत, त्या एकट्यालाच समुद्रापलीकडे जन्माला का घालायचे?

इथे प्रतिपक्ष लॅनार्कशरचे उदाहरण पुढे करतो. तिथल्या लॉकहार्टांकडे 'ली पेनी' आहे, नाण्यात बसवलेला गडद लाल खडा. १३३० मध्ये ब्रूस राजाचे हृदय घेऊन स्पेनपर्यंत गेलेल्या मंडळींत सर सायमन लॉकहार्ट होता; त्याने एका मूर सरदाराला कैद केले आणि खंडणीत हा खडा मिळाला, अशी कथा. वॉल्टर स्कॉटने १८२५ मध्ये त्यावरूनच 'द टॅलिसमन' ही कादंबरी रचली. पूर्वेकडून ताईत आणायची चालच होती, असे प्रतिपक्षाचे म्हणणे. मला हेच उदाहरण उलट दिशेला जाताना दिसते. धर्मसुधारणेनंतर स्कॉटलंडच्या चर्चने पाण्यात दगड बुडवणाऱ्यांची चौकशी सुरू केली. लॉकहार्ट सुटले, कारण त्यांच्या घरी खडा बुडवताना कोणताही मंत्र म्हणत नसत. अशा दिवसांत दगड ख्रिस्ताच्या शत्रूकडून युद्धात जिंकलेला असला तर तो शौर्याची खूण ठरतो. संताच्या नावाने पाण्यात फिरवला तर ठरतो कॅथलिक जादूटोणा. १६४० च्या यादीत गुरे नाहीत, पाणी नाही, आहे ती फक्त लढाई. यादीवाल्याने दगडाला सोवळे नेसवले आहे.

संताचे नाव काढलेच आहे तर तेही सांगतो. ग्लेनऑर्की आणि लॉक टे यांच्या मधोमध स्ट्रॅथफिलन, संत फिलनची दरी. इथे संताचे अवशेष सांभाळणाऱ्यांना 'डेवर' म्हणत. प्रत्येक डेवराकडे संताची एकेक वस्तू आणि त्या वस्तूच्या जोरावर तोडून दिलेला जमिनीचा तुकडा. आपल्याकडे देवस्थान इनामावर गुरव नांदावा, तसे. सगळ्यांत मोठा मान संताच्या वाकड्या दंडाचा, 'क्विग्रिख'चा. १४२८ मध्ये ग्लेनडोकर्टच्या अधिकाऱ्याने पंच बसवून त्याचे हक्क लिहून घेतले: दंडवाल्याला रयतेने पीठ द्यावे आणि कोणाची गुरे चोरीला गेली तर त्याने स्कॉटलंडभर माग काढत जावे. १४८७ मध्ये जेम्स तिसऱ्याने हे हक्क कायम केले. १८१८ मध्ये डेवरांच्या वंशजांनी दंड कॅनडाला नेला, तर तिथे स्थायिक झालेले हायलंडी शेतकरीही गुरांसाठी त्याचे पाणी मागायला येत. १८७० च्या दशकात तो एडिनबराला परत आला. त्याच्या मुठीच्या टोकाला पुढून काय बसवले आहे? चांदीच्या कोंदणात स्फटिक.

कॉलिनच्या दगडाचा आजा मला इथे दिसतो. त्या मुलखात स्फटिक हा जमिनीचा कागद होता. सनद लॅटिनमध्ये, मेंढीच्या कातड्यावर. ती एडिनबराला चालायची. दरीतल्या माणसाला ती वाचता येत नव्हती, आणि कॉलिनची जमीन तर मॅकग्रेगरांच्या पायाखालची. अशा ठिकाणी नव्या मालकाला गेलिक बोलणाऱ्यांना समजेल अशी खूण लागते. संताच्या माणसांकडे ती होती, सासऱ्याकडे होती. जावयाने तीच वाट धरली.

यावर एक आक्षेप जबरदस्त आहे: चर्चमध्ये अवशेषांच्या पेट्यांवर स्फटिक सर्रास बसवत, तेव्हा हा दगड रोमहून आणलेल्या एखाद्या पेटीवरून निघालेला का नसेल? तीन वेळा रोमला गेलेला माणूस रिकाम्या हाती परतला असेल असे मीही म्हणत नाही. पण मग बखरीत रोम, टोपणनावात रोम आणि दगडाच्या नोंदीत तेवढे रोड्स, असे का? दुसरा आक्षेप असा की स्ट्रुअनवाले आपला दगड जावयाला कशाला देतील? दिलाच नाही. त्यांचा त्यांच्याकडेच राहिला. इकडे आली ती पद्धत. दगड स्कॉटलंडच्या डोंगरांतल्या गारांच्या शिरांमधूनही निघतो, त्यासाठी जहाज लागत नाही.

राहिले तुर्क. १६४० ची यादी ज्याच्या संपत्तीची, तो आठवा लेअर्डही सर कॉलिनच, आणि तो त्याच वर्षी वारला. त्याने १६३५ मध्ये जॉर्ज जेम्सन या चित्रकाराकडून घराण्याचा भलामोठा वंशवृक्ष रंगवून घेतला होता. पूर्वजांवर इतका पैसा ओतणाऱ्या माणसाच्या घरी पहिल्या कॉलिनच्या गळ्यात गुरांचे औषध राहणे अवघडच होते.